खालचं टोक

डॉक्टरांनी मला ओळखलं नाही. त्यांनीच केलेल्या माझ्या पाठीच्या ऑपरेशननंतरही मी कळवळत त्यांच्याकडे गेलो, तेव्हा हेच म्हणाले होते, “ऑपरेशन झकास झालंय. बाकी सगळे मनाचे खेळ.” पोटासाठी कमरपट्टा आवळून पुन्हा हमालीला लागलो. आज त्यांच्याच घरात सामान चढवायचं होतं. लिफ्ट बंद, जोडीदार गाडीपाशी, डॉक्टरसाहेबांना घाई. “चल, लोखंडी कपाट मीच धरतो एकीकडून.” “धरा की! तुम्ही खालून, मी वरून.” जिन्यात खालच्याच्या अंगावर सगळं वजन येतं, हे हमालाला कळतं, डॉक्टरला नाही. दुसऱ्या मजल्यावर ते म्हणाले, “थांब जरा.” माझ्याही पाठीत कळ उठली, थांबलो नाही. तिसऱ्यावर कपाट दारात टेकवताना त्यांच्या कमरेत कट्कन वाजलं. “आई गं! सरळच होता येईना!” मी माझा कमरपट्टा सोडून त्यांना बांधला. “कपाट झकास चढलं, डॉक्टर. बाकी सगळे मनाचे खेळ.”