टाकीवरचं नाव

कल्याण नावाच्या पोराच्या मोटरसायकलच्या टाकीवर बियाणे कंपनीचं हिरवं स्टिकर होतं, म्हणून टायर, पेट्रोल, शर्यतीची फी, सगळा खर्च कंपनीचा. अंबडच्या धुळीतल्या शर्यती जिंकायचा मात्र नदीम, तेही आपल्या गॅरेजच्या कमाईवर. ते स्टिकर दिसलं की त्याच्या पोटात दुखायचं. शेवटी त्यानं कंपनीच्या साहेबाला विचारलंच, “जिंकून राह्यलो मी, अन् पैसा त्याला?” साहेब हसला. “नदीमभाई, तुम्ही सुसाट जाता. टाकीवरचं नाव वाचावं कुणी? कल्याण बराबर वाचू देतो.” आज सकाळी नदीमनं आपल्याही टाकीवर ऑइलपेंटनं ठळक लिहिलं, ‘नदीम गॅरेज’. शर्यतीत तोच पुढं होता. शेवटच्या वळणावर कॅमेरेवाले दिसताच त्यानं गाडी मुद्दाम हळू केली. तेवढ्यात कल्याण शेजारून निघून गेला आणि पहिला आला. नदीमनं टाकीकडं पाहिलं. ओल्या अक्षरांना कल्याणनं उडवलेली सगळी धूळ चिकटली होती.