कोपऱ्यातला बाप

टॉवेल रिंगमध्ये पडला तेव्हा शेन जिंकत होता.

तिसरी फेरी होती. समोरचा साईराज दमून दोरांना टेकला होता. शेननं उजवा हात मागे घेतला, आणि तेवढ्यात पांढरं काहीतरी त्याच्या पायाशी येऊन पडलं. पंचानं दोघांच्या मधे हात घातला. कोपऱ्यातून टॉवेल टाकला म्हणजे हार मानली. लढत संपली. नवघरच्या त्या हॉलमध्ये आधी कोणाला काही कळेना, मग एकदम शिट्ट्या आणि शिव्या सुरू झाल्या.

शेननं मागे वळून पाहिलं. त्याच्या कोपऱ्यात त्याचा बाप उभा होता. हात रिकामे, ओठ नुसतेच हलत होते.

"कॅजिटनभाऊ, काय केलंत हे! पोरगा पॉइंटवर पुढे होता!" शेनचे कोच गुणवंत सर ओरडले.



चौक गावात अजूनही लोक कॅजिटनला 'चॅम्पियन' म्हणत. मासेमारी करणाऱ्या घरातला पोरगा, बॉक्सिंगच्या जोरावर सरकारी नोकरीला लागलेला. पण पन्नाशी गाठायच्या आतच चॅम्पियनची जीभ जड झाली. चहाचा कप हातात थरथरू लागला. एवढ्यातेवढ्यावरून तो बायकोवर, नोरावर, धावून जाई आणि मग आपण काय केलं ते आठवत नाही म्हणून रडत बसे. एकदा घराकडची उत्तनची बस सोडून भलतीकडेच गेला. संध्याकाळी जेसल पार्कला खाडीकडे बघत बसलेला सापडला. डॉक्टर म्हणाले, हे एखाद्या मोठ्या ठोशाचं काम नाही. वर्षानुवर्षं डोक्याला बसलेले छोटे छोटे ठोसे, सरावातलेसुद्धा. दर वेळी कवटीच्या आत मेंदू हलतो. हेडगार्डनं कातडी वाचते, मेंदू वाचत नाही. आणि जे गेलं ते परत येत नाही.

त्या दिवशी डॉक्टरांकडून घरी येताच नोरानं शेनचे ग्लोव्हज माळ्यावर फेकले होते. शेननं ते खाली काढले होते. "मम्मी, पपाच्या वेळचं वेगळं होतं गं. आता सगळं बघून-तपासून करतात," तो म्हणाला होता. आजची लढत जिंकली असती तर राज्याच्या संघात जागा होती, आणि पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. सरावानंतर दिवसदिवसभर उजेड डोळ्यांत खुपतो, हे त्यानं आईला सांगितलं नव्हतं. आज दुसऱ्या फेरीत कानशिलावर ठोसा बसला तेव्हा सगळा हॉलच दिसेनासा झाला होता. तेही तो कोणाला सांगणार नव्हता.

कॅजिटनला कोपऱ्यात घ्यायची कल्पना गुणवंत सरांची. जुन्या खेळाडूचा मान म्हणून. पाण्याची बाटली आणि टॉवेल तेवढा त्याच्याकडे. तो रस्ते विसरे, वार विसरे, शेजाऱ्यांची नावं विसरे. पण घरच्या माणसांना ओळखायला तो कधी चुकला नव्हता, आणि रिंगमधलं तर त्याला सगळंच कळतं, अशी सरांची खात्री होती.

रिंगमधून उतरून शेन तरातरा कपडे बदलायच्या खोलीत शिरला. त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. बाप घाबरला. स्वतःचं वाटोळं झालं म्हणून आता पोरालाही अडवतोय.

बाकावर बसलेल्या कॅजिटनच्या शर्टाची बटणं नोरा लावत होती.

"मी जिंकत होतो!" शेन ओरडला. "का थांबवलंस मला?"

कॅजिटननं मान वर केली. त्यानं शेनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि ओशाळून हसला.

"रागावू नको, पोरा," तो जड जिभेनं म्हणाला. "तू लय चांगला खेलतंस. पन डोक्यात लय बसतात तुजे. तुजा बाप आलाय का?"

शेन जागीच थबकला.

"अरे, आपला शेन हाय तो," नोरा घाईघाईनं म्हणाली.

"शेन घरा हाय." कॅजिटन तिच्यावर जरा चिडलाच. "लहान हाय तो अजून. त्याला मी यात घालनार न्हाय." मग तो पुन्हा शेनकडे वळला. आवाज खाली आणला. "तुजे बापाला सांग, पोराला घरा घेऊन जा. माजा बाप तवा बोटीवर व्हता. माना थांबवाला कोनी न्हवता."

नोरा परत काहीतरी सांगायला गेली. शेननं तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर पुढच्या लढतीची घंटा वाजली. गुणवंत सर दारात येऊन उभे होते. आक्षेप कसा नोंदवायचा ते सांगायला आले होते. शेननं दोन्ही ग्लोव्हज उतरवले आणि त्यांच्या हातात दिले. 

मग तो बापासमोर गुडघ्यांवर बसला.

"सांगतो, अंकल," तो म्हणाला.