पंचा धरणारा माणूस

उजेड कसाही बदलो, फोटोत ऊस कुठला नि माणूस कुठला हे संगणकाला कळावं, म्हणून रश्मी लासुर्ण्याच्या रानात महिनाभर फोटो काढत होती. उजेडाचं माप म्हणून तिचे वडील, रामभाऊ, प्रत्येक फोटोत पांढरा पंचा धरून उभे राहत. संगणकाला शिकवताना फोटोतला ऊस हिरवा रंगवायचा, माणूस लाल. वडील मात्र माणसांच्या मोजणीत नकोत, म्हणून तिनं त्यांना उसासारखं हिरवंच रंगवलं.

"मी दिसतो न्हवं त्यात?" ते रोज विचारत.

"व्हय आबा," ती खुशाल सांगे.

आज ते पंचा घेऊन अंगणात रश्मीजवळ उभे होते. आई बाहेर आली आणि त्यांच्या अगदी समोर थांबून इकडंतिकडं शोधू लागली.

"रश्मे, तुजं आबा कुठं गेलं गं?"

रामभाऊंनी पंचा खाली घेतला आणि लेकीकडं पाहिलं.