खालचा कोपरा

कार्यक्रमाला वीस मिनिटं उरली होती आणि पेंटर स्टेजवर लाकडी घोड्यावर चढून स्वतःचंच नाव पाचव्यांदा रंगवत होता.

नाव तसं साधंच. शाळेत हजेरीच्या वेळी तिघांनी एकदम 'हजर' म्हणावं, इतकं साधं. पण ग्रंथालयाच्या कार्यवाहांना सूचीची कार्डं चाळताना त्या एकाच नावाची पाच मोठी माणसं सापडली. हृदयाचे सर्जन, समुद्र पोहून गेलेले जलतरणपटू, निवृत्त न्यायाधीश, नावाजलेले गवई आणि धूमकेतू शोधून काढणारे खगोलशास्त्रज्ञ. पाचही हयात आणि पाचही एकाच स्टेजवर सत्काराला यायला तयार! शेवटचा होकार आज सकाळी आला, तेव्हापासून कार्यवाह जमिनीच्या दोन बोटं वरून चालत होते.

पेंटर चार बोटं वर होता. नाव एकच म्हणून साचा कापून पाचदा उमटवायचं, हे त्याच्या हाताला पटलं नव्हतं. सर्जनचं नाव त्याने बारीक आणि सरळ काढलं. पोहणाऱ्याचं किंचित पुढे झुकलेलं. न्यायाधीशांच्या अक्षरांना वजन दिलं, गवयांच्या वेलांट्या सैल सोडल्या. खगोलशास्त्रज्ञांच्या शेवटच्या अक्षराला शेपूट फुटू पाहत होतं, ते मोठ्या मुश्किलीने आवरलं.

मग आजवर प्रत्येक पाटीवर केली तशी त्याने खालच्या उजव्या कोपऱ्यात बोटभर जागेत सही केली. सही म्हणजे अख्खं नाव. बाजारात तो पेंटर, घरी 'अहो', भावंडांत दादा. नाव असं ते कोपऱ्यापुरतंच उरलं होतं.

तिसऱ्या रांगेत त्याची बायको बहिणीला घेऊन येऊन बसली होती. "आमच्या ह्यांचं नाव आज स्टेजवर आहे," असं तिने बहिणीला फोनवर सांगितलं होतं. खोटं नव्हतं.

कार्यवाह लगबगीने स्टेजवर आले, बोटाने पाटीवरची नावं मोजली आणि जागच्या जागी थबकले.

"सहा? हा सहावा कोण? मी पाचच बोलावलेत! खुर्च्या पाच आहेत, गुच्छ पाच आहेत!"

"तो मी," पेंटर वरून म्हणाला.

"तुम्ही पेंटर हो. हे नाव कुणाचं ते सांगा."

"माझंच."

कार्यवाहांनी मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. वीस वर्षांत ही पहिलीच वेळ. ग्रंथालयातली एकूण एक पाटी ह्याच हाताची होती. 'शांतता राखा' ह्याची, 'पानं दुमडू नका' ह्याची. प्रत्येकीच्या कोपऱ्यात हेच नाव होतं. पण 'शांतता राखा'चा कोपरा वाचतो कोण?

"वा, वा, आनंद आहे," कार्यवाह म्हणाले. "आता पुसा ते. लोक विचारतील, हे सहावे कोणत्या क्षेत्रातले? काय सांगू मी?"

"पाट्यांच्या."

"चेष्टेची वेळ आहे का ही?" म्हणत कार्यवाहांनी टाचा उंचावल्या आणि खिशातला रुमाल कोपऱ्यावरून फिरवला. रंग ओलाच होता. एका फटक्यात नाव गेलं, रुमाल निळा झाला.

 पेंटरने ब्रश डब्यात ठेवला आणि पाटीची उजवी दोरी सोडायला घेतली.

"अहो, हे काय चाललंय?"

"घरी नेतो. सही नसलेली पाटी हातातून सोडायची नाही, असं आमच्या उस्तादांनी शिकवलंय."

"हॉल भरलाय! पाहुणे आलेत! गाडीचं दार वाजलं, ऐकलंत का?"

"ऐकलं," पेंटर म्हणाला आणि दुसऱ्या गाठीला लागला.

पाटी उजवीकडून वीतभर खाली आली. सर्जन, जलतरणपटू, न्यायाधीश, गवई आणि खगोलशास्त्रज्ञ एकदम कलंडले. बायकोच्या बहिणीने विचारलं, "हे कार्यक्रमातच आहे का गं?"

"करा!" कार्यवाह किंचाळले. "करा सही! पण लहान करा."

"लहानच होती."

त्याने दोरी पुन्हा आवळली, दोन पायऱ्या खाली उतरला आणि ब्रश उचलला. ह्या खेपेला सहीने दोन बोटं जागा घेतली.

तेवढ्यात हॉलचं दार उघडलं. दारात पाचही पाहुणे 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' करत अडकून पडले होते. लोक उठून टाळ्या वाजवू लागले. कार्यवाहांना धावत दाराकडे जायचं होतं, पण स्टेजच्या मधोमध रंगाने माखलेल्या शर्टातला माणूस घोड्यावर तसाच.

"पेंटर, उतरा."

पेंटर गप्प. वरची रेघ राहिली होती, आणि ती रेघ तो एका श्वासात ओढायचा. त्या वेळी घराला आग लागली तरी तो बोलला नसता.

कार्यवाहांना वाटलं, राग गेलेला नाही. त्यांनी हात जोडले, आवाजात होता नव्हता तेवढा आदर गोळा केला आणि टाळ्यांच्याही वर आवाज चढवून त्याला नावाने हाक मारली. पूर्ण नावाने, आडनावासकट, वर 'राव' लावून.

दारातले पाचही जण एकदम म्हणाले, "हं?"

टाळ्या थांबल्या. घोड्यावरचा हात हलला नाही. रेघ शेवटच्या अक्षरापर्यंत सरळ गेली.

"अहो!" तिसऱ्या रांगेतून बायको ओरडली. "तुम्हाला बोलावतायत!"

पेंटरने दचकून मागे पाहिलं.

"मला?"