झुलीखाली

माळेगावच्या जत्रेत गुरुपादप्पांनी आपली लाडकी, पाठ आखडलेली घोडी निजामाच्या पागेतल्या हसनमियांपुढं मालिशसाठी उभी केली खरी, पण जीव थाऱ्यावर नव्हता. मियांचे हात झुलीखाली होते आणि पलीकडून देवणीचा दलाल विरूपाक्षही झुलीत हात घालून घोडी चाचपून बघत होता. जत्रेत जनावरांचे सौदे असेच कापडाखाली, एकमेकांची बोटं दाबून ठरतात; जितकी बोटं, तितके शेकडे.

"मालक, घोडी ढिली पडली, तुमीच आखडून राहिलात," म्हणत मिया झुलीतून हात काढून मानेकडं सरकले.

घोडी परस्पर विकली जातेय, या संशयानं अप्पांनी झुलीखाली हात खुपसला आणि सापडलेला पंजा गच्च दाबला.



विरूपाक्ष म्हणाला, "पाच बोटं? मंजूर, अप्पा. घोडी आमची."