समास आखू का?

“बाई, समास आखू का?”
“तू ठरव.”
“ओळ सोडून लिहू?”
“तू ठरव.”
“आणि विषय?”
“तोही तूच.”

पाचवीतली जुईली रडवेली झाली. चार वर्षं तिने फळ्यावरचा निबंध सुवाच्य अक्षरात उतरवला होता आणि दहापैकी दहा मिळवले होते. आज नव्या बाईंनी फळा कोराच ठेवला होता. पंधरा मिनिटं तिचं पेन टोपणातच राहिलं. पोरीला आपण उगाच रडवतोय का, असं बाईंनाही वाटू लागलं.

मग जुईलीने सवयीने समास आखला आणि वही आडवी धरली. घरापासून शाळेपर्यंतची वाट काढली आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाचं बोलणं त्या त्या वळणावर लिहायला घेतलं. गिरणीवाल्या काकांचं ओरडणं एवढं मोठं झालं, की वाट समास ओलांडून शेजारच्या पानावर गेली.

“बाई, हिने समास मोडला!” शेजारची मुलगी ओरडली.

जुईलीने वर पाहिलंही नाही.

घंटा झाली. बाई लाल पेन घेऊन तिच्या बाकाशी आल्या.

“बघू का गं?”

“थांबा ना बाई,” दोन्ही हातांनी वही झाकत ती म्हणाली, “अजून शाळा आली नाही.”