थेट टेबलावर

"थेट त्याच्या टेबलावर वाजला पाहिजे. मधे बाई नको, बोर्ड नको," लालासाहेबांनी ज्ञानू फिटरला पुन्हा बजावलं.

बियाण्यांच्या कंपनीची सातारा आणि सांगलीची ऑफिसं आज खासगी लाईननं जोडली जात होती. ज्ञानू भिंतीपाशी उकिडवा बसून तारा लावत होता. सांगलीच्या टोकाला त्याचा जोडीदार कृष्णात होता. साताऱ्याचा फोन तिकडं ऑपरेटरच्या बोर्डावर न्यायचा की सरळ मॅनेजरच्या टेबलावर, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

लालासाहेबांचं कधीच ठरलं होतं. सांगलीचा मॅनेजर गोपाळकृष्ण, काल-परवापर्यंत यांच्याच हाताखालचा कारकून, आता बरोबरीला बसला होता. आणि तोरा केवढा! ट्रंक कॉल लागला की तिथली ऑपरेटर चारुशीला दर वेळी म्हणायची, "धरा हं, साहेब घेतात." मग नुसती खरखर. लालासाहेब रिसीव्हर कानाला लावून ताटकळायचे. आपल्याच कारकुनांसमोर त्यांना ओशाळं वाटायचं.

"मी शिकवलं त्याला, आणि मलाच थांबवतो!"

"आता न्हाई थांबवत, सायेब. सात फिरवा, मग एकवीस."

लालासाहेबांनी नंबर फिरवला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"हॅलो?"

"मी लालासाहेब, साताऱ्याहून."

पलीकडं खुर्ची करकरली. "साहेब! एक... एकच मिनिट हं." रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला.

"बघितलंस? आज पण थांबवलंच!" लालासाहेब ज्ञानूवर कडाडले. आज त्या माणसाची चांगली हजेरी घ्यायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

तेवढ्यात पलीकडं टेबलापाशी उभ्या असलेल्या कृष्णातनं रिसीव्हर उचलला. "लाईन झ्याक हाय, सायेब. जरा दम धरा. हितलं सायेब टोपी घालत्यात."

"टोपी? आत्ता? कशाला?"

"तुमचा फोन न्हवं का! चारुशीलाबाई म्हनत्यात, हे नेहमीचंच हाय. बाईंनी वर्दी दिली की सायेब कोटाची बटनं लावत्यात, टोपी घालत्यात, उठून उभं ऱ्हात्यात, मगच फोन घेत्यात. आज एकदम वाजला, लय तारांबळ उडाली."

लालासाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑफिसात, घरी, चारचौघांत त्या माणसाला आपण काय काय बोललो, ते सगळं आठवलं.

"बोला, साहेब," गोपाळकृष्णांना धाप लागली होती. "माफ करा, तुम्हाला थांबावं लागलं."

"बसा, गोपाळराव," लालासाहेब कसेबसे म्हणाले. "खाली बसा आधी."

"असू दे, साहेब. तुम्ही बोला."

लाईन लागते का बघत होतो, असं काहीतरी पुटपुटून लालासाहेबांनी फोन ठेवला.

"ज्ञानू, हे बदल. माझा फोन आधी बाईंच्या बोर्डावर जाऊ दे."

"आवं, पर मग तुमास्नी थांबावं लागंल!"

"थांबतो की," लालासाहेब मान वर न करता म्हणाले.